मधुमेह, हृदय आणि ‘अँटिऑक्सिडंट’ची बाटली

‘साखर वाढली की शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, दाह वाढतो आणि त्याने हृदय खराब होते, असे वाचले. मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू करू का?’ धारवाडच्या केलगेरी, सप्तापूर, मालमड्डी भागातल्या मधुमेही वाचकांचा हा प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. कोणी आवळ्याच्या रसाबद्दल विचारतात, कोणी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलबद्दल, कोणी ‘ई’ जीवनसत्त्वाबद्दल. प्रश्नातले पहिले वाक्य बरोबर आहे. मधुमेहात हृदयाची बरीचशी हानी खरोखरच ऑक्सिडीकरण आणि दाह या जोडीमुळे होते. चूक दुसऱ्या वाक्यात आहे. कारण ऑक्सिडीकरण, म्हणून उपाय अँटिऑक्सिडंट, हे गणित सरळ दिसते; पण हजारो रुग्णांवरच्या चाचण्यांत त्याचे उत्तर चुकले. हानी जिथे सुरू होते तिथे, म्हणजे साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि पोटावरची चरबी यांना आवर घालणारे उपाय मात्र आयुष्य वाढवतात, याचा भक्कम पुरावा आहे. आपले पैसे आणि लक्ष कुठे लावायचे, हे ठरवायला हा लेख उपयोगी पडावा.

नुकसान कसे होते: निर्णयापुरते

रक्तात साखर वाढली की शरीरातल्या बऱ्याच पेशी ती आत घेण्याचे प्रमाण कमी करतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना ते नीट जमत नाही. त्यांच्यात साखरेचा लोंढा शिरतो, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांवर भार पडतो आणि सुपरऑक्साइड नावाचे आक्रमक रेणू गरजेपेक्षा जास्त बनतात. अमेरिकी संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये मधुमेहाच्या अनेक गुंतागुंतींमागे हेच सूत्र असल्याची मांडणी केली. हे रेणू रक्तवाहिनीला सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड नष्ट करतात, त्यामुळे वाहिनी आखडते. ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, म्हणजे एलडीएलचे, ऑक्सिडीकरण झाले की पांढऱ्या पेशी ते गिळून वाहिनीच्या भिंतीत साचतात आणि थर बनतो. तिथे दाह सुरू होतो. दाहाने थराचे आवरण पातळ होते, ते फाटले की त्यावर गुठळी धरते आणि हृदयविकाराचा झटका येतो. दाहातून पुन्हा नवे आक्रमक रेणू बनतात, म्हणजे हे चक्र स्वतःच स्वतःला खतपाणी घालते.

दुसरी वाट हृदयाच्या स्नायूतून जाते. प्रथिनांना साखर चिकटून तयार होणारी संयुगे स्नायूत साठतात, तंतू वाढतात आणि हृदय ताठर होते. वाहिनीत मोठा अडथळा नसतानाही मधुमेहींचे हृदय निकामी होऊ शकते, हे शर्ली रुबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये चार रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासाच्या १९७४ च्या अहवालात हृदय निकामी होण्याचा धोका मधुमेही पुरुषांत सुमारे दुप्पट आणि मधुमेही स्त्रियांत सुमारे पाचपट दिसला. म्हणून ‘बायकांना हार्टचा त्रास कमी’ हा समज मधुमेह असलेल्या घरात बाजूला ठेवा.

यातून निर्णयासाठी तीन गोष्टी लक्षात घ्या. हानी लक्षणांच्या कितीतरी आधी सुरू होते. साखरेबरोबरच रक्तदाब, एलडीएल आणि तंबाखूही तोच दाह वाढवतात, त्यामुळे नुसती साखर उतरवून भागत नाही. आणि साखर चिकटलेली प्रथिने शरीरात दीर्घकाळ राहतात, म्हणून सुरुवातीच्या वर्षांतल्या नियंत्रणाला जास्त मोल आहे. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात सुरुवातीला साखर नीट सांभाळलेल्यांना पुढे दहा वर्षांनीही हृदयविकाराचे झटके कमी आले. तोवर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली होती.

बाटलीबद्दलचा पुरावा

‘होप’ या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना साडेचार वर्षे रोज ४०० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व दिले. त्यांत मधुमेही मोठ्या संख्येने होते. २००० साली निकाल आला: झटके आणि मृत्यू यांत काहीही फरक नाही. हाच अभ्यास पुढे लांबवला, तेव्हा २००५ मध्ये ‘ई’ घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण उलट किंचित जास्त आढळले. ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षे ‘ई’, ‘क’ आणि बीटा-कॅरोटीन एकत्र दिले. रक्तातली जीवनसत्त्वे वाढली, हृदयाला फायदा शून्य. त्याच अभ्यासात त्याच लोकांवर सिम्वास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन गटातले औषधही तपासले होते, आणि त्याचा फायदा स्पष्ट दिसला. म्हणजे अभ्यासात खोट नव्हती. गोळीत दम नव्हता.

असे का व्हावे? आक्रमक रेणू पेशीच्या आत, ठरावीक जागी, क्षणार्धात बनतात आणि काम करून संपतात. तोंडाने घेतलेले जीवनसत्त्व त्या जागी, त्या वेळी, पुरेसे पोहोचत नाही. शिवाय हे रेणू सगळेच शत्रू नाहीत. व्यायामात ते थोडे वाढतात आणि त्या इशाऱ्यावर शरीर स्वतःची संरक्षक विकरे वाढवते. २००९ मध्ये मायकेल रिस्टो यांच्या गटाने दाखवले की व्यायामाबरोबर ‘क’ आणि ‘ई’च्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या तरुणांत इन्सुलिनची परिणामकारकता वाढलीच नाही, गोळी न घेणाऱ्यांत ती वाढली. उगम सोडून परिणामाच्या मागे धावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

यावर एक रास्त आक्षेप आहे. डेन्मार्कच्या ‘स्टेनो-२’ अभ्यासात यशस्वी ठरलेल्या गटाला जीवनसत्त्वांच्या गोळ्याही दिल्या होत्या, मग श्रेय त्यांचे नाही का? जीवनसत्त्वे स्वतंत्रपणे, शंभरपट मोठ्या गटांत तपासली तेव्हा फायदा दिसला नाही. त्याच गटाला दिलेले स्टॅटिन आणि रक्तदाबाची औषधे स्वतंत्रपणे तपासली तेव्हा दिसला. त्यामुळे श्रेय कोणाचे, हे ठरवायला फार ताण पडत नाही. दुसरा आक्षेप असा की आवळा आणि हळद तर आपल्या स्वयंपाकघरातली, त्यांना काय घाबरायचे? ताटातला आवळा, फोडणीतली हळद जरूर खा. अर्क काढून, मिरीतले पायपेरीन मिसळून बनवलेल्या हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ‘ई’च्या मोठ्या मात्रेने रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. असे काही घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

उगमावर घाव: कोणते आकडे सांभाळायचे

‘स्टेनो-२’ मध्ये रुग्ण होते अवघे १६०, पण उपाय एकाच वेळी अनेक बाजूंनी केले: साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम, धूम्रपान. सुमारे आठ वर्षांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार निम्म्याहून कमी झाले. एकवीस वर्षांनंतरच्या पाहणीत, नेटाने उपचार घेतलेला गट मध्यमानाने ७.९ वर्षे जास्त जगलेला दिसला. एकच आकडा धरून बसण्यापेक्षा सगळे आकडे बेताने खाली आणणे जास्त फळते. बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी साधारण उद्दिष्टे अशी:

- एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा): ७ टक्क्यांच्या आसपास. वय जास्त असेल, साखर वारंवार खाली जात असेल किंवा हृदयविकार जुना असेल तर ७.५ ते ८ सुद्धा योग्य.
- रक्तदाब: १३०/८० च्या खाली.
- एलडीएल: मधुमेहाबरोबर आणखी एखादा धोका असेल तर ७० च्या खाली, हृदयविकार होऊन गेला असेल तर ५५ च्या खाली.
- कंबर: पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत.
- लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर: ३० च्या खाली.

‘साखर जितकी खाली तितके चांगले’ असे मानू नका. ‘ॲकॉर्ड’ चाचणीत एचबीए१सी झपाट्याने ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न केलेल्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला. ‘मी तर बारीक आहे’ हा दिलासाही फसवा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय शरीरात चरबी पोटात साठते आणि ती चरबी दाह वाढवणारी रसायने सोडते. म्हणून वजनकाट्याबरोबर मोजपट्टीही वापरा.

कोणत्या तपासण्या मागायच्या

- दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी. प्रत्येक भेटीत रक्तदाब.
- वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन, डोळ्यांचा पडदा आणि पाय.
- धाप, थकवा किंवा पायांवर सूज असेल तर एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी आणि गरजेनुसार इको. मधुमेह जुना असेल तर लक्षणे नसतानाही वर्षातून एकदा एनटी-प्रोबीएनपीबद्दल विचारा.

दाह मोजणारी एचएस-सीआरपी तपासणी उपयोगी आहे, पण तिच्या मागे लागू नका. १ च्या खाली धोका कमी, ३ च्या वर जास्त आणि १० च्या वर असेल तर आधी सर्दी-ताप, दात, लघवीचा संसर्ग शोधून पुन्हा तपासा. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल’ अशा नावाची महागडी पॅकेजे टाळा. त्यांच्या आकड्यावरून तुमचा उपचार बदलत नाही. आणि ‘ईसीजी नॉर्मल’ म्हणजे वाहिन्या स्वच्छ, असेही नाही. आरामात काढलेला ईसीजी फक्त त्या क्षणाचे हृदय दाखवतो.

औषधांबद्दल डॉक्टरांशी काय बोलाल

‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, मग स्टॅटिन कशाला?’ हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. ‘कार्ड्‌स’ या २००४ च्या चाचणीत एलडीएल फारसे वाढलेले नसलेल्या २,८३८ मधुमेहींपैकी निम्म्यांना १० मिलिग्रॅम ॲटोर्वास्टॅटिन दिले. त्यांच्यात हृदयाच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. स्टॅटिन एलडीएलबरोबर दाहही उतरवते. ‘पण त्याने साखर वाढते ना?’ वाढते, थोडी. २५५ जणांना चार वर्षे स्टॅटिन दिले तर एखाद्याला नव्याने मधुमेह होतो, आणि ज्यांना तो आधीच आहे त्यांची साखर जराशी वर जाते. टळणाऱ्या झटक्यांपुढे हा तोटा छोटा आहे. स्नायू दुखत असतील तर गोळी परस्पर बंद करू नका. मात्रा किंवा औषध बदलता येते.

‘ग्लिफ्लोझिन’ गटातली औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, पण त्यांचा हृदयाला होणारा फायदा केवळ साखरेपुरता नाही. २०१५ च्या ‘एम्पा-रेग’ चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होऊन दवाखान्यात भरती होणे ३५ टक्क्यांनी कमी झाले. मार्च २०२५ मध्ये भारतात त्याचे पेटंट संपले, अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत बरीच उतरली. पूर्वी महाग म्हणून नाकारले असेल, तर आता पुन्हा विचारा. मात्र जननेंद्रियांजवळ खाज किंवा बुरशी झाली तर सांगा. आणि कडक उपास, उलट्या-जुलाब किंवा ठरलेली शस्त्रक्रिया असेल तेव्हा ही गोळी कधी थांबवायची, हे आधीच लिहून घ्या. हृदय कमजोर असेल तर पायोग्लिटाझोन चालू आहे का, तेही तपासून घ्या. त्याने अंगात पाणी साठते.

‘दाह कमी करायचा, तर दाहाचेच औषध का नको?’ हा आक्षेप तर्काला धरून आहे. २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीत कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनने, कोलेस्टेरॉल न उतरवताही, झटके येऊन गेलेल्यांतल्या पुढच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी केल्या. दाह हा खरा गुन्हेगार असल्याचा तो पुरावा होता. पण जीवघेणे संसर्गही वाढले. मेथोट्रेक्सेटने फायदा दिला नाही. कोल्चिसिनच्या छोट्या मात्रेने काही चाचण्यांत फायदा दिसला, २०२४ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. म्हणजे दाहावर थेट औषध हा निवडक रुग्णांसाठी हृदयरोगतज्ज्ञांनी घ्यायचा निर्णय आहे. दुकानातून स्वतः आणायचा नव्हे. ॲस्पिरिनचेही तसेच. २०१८ च्या ‘असेंड’ चाचणीत हृदयविकार नसलेल्या मधुमेहींत त्याने घटना १२ टक्क्यांनी घटवल्या, पण मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढवले.

ताट, चालणे, तंबाखू

ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोडाची उसळ, शेंगदाण्याची चटणी हे धारवाडचे नेहमीचे जेवण मुळात चांगले आहे. फक्त भाकरीनेही साखर वाढते हे लक्षात ठेवून संख्या ठरवा आणि उसळ-भाजी दुप्पट घ्या. गिरमिट कधीतरी चालेल; त्याच्याबरोबरची मिरची भजी मात्र वारंवार तापवलेल्या तेलातली असतील, तर ऑक्सिडीकरण झालेली चरबी थेट पोटात जाते. पेढा सणाला एक, रिकाम्या पोटी नको. केलगेरी तलावाच्या काठाने रोज अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस भरभर चाललात, तर १५० मिनिटांचा हिशेब पुरा होतो. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची फेरी साखरेची उसळी कमी करते. तंबाखू, गुटखा, विडी ‘कमी’ करायची नाही, सोडायची. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जा. हिरड्यांचा जुनाट दाह बरा केल्याने एचबीए१सी सुद्धा थोडे उतरते.

न दुखणारा झटका

मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. अचानक धाप, थंड घाम, मळमळ, जबडा, मान किंवा पाठीत दुखणे, कारण नसताना गळून जाणे, यांना ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका.

1. लगेच १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवू नका.
2. ईसीजीची सोय असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयात जा. केलगेरीहून धारवाडचे जिल्हा रुग्णालय, सत्तूरचे एसडीएम आणि हुबळीचे केएमसीआरआय (पूर्वीचे किम्स) हे पर्याय आहेत.
3. ‘मधुमेह आहे, हृदयाची शंका आहे’ असे पहिल्याच वाक्यात सांगा आणि दहा मिनिटांत ईसीजी काढायचा आग्रह धरा.

गावाकडचे नातेवाईक कलघटगी किंवा नवलगुंदसारख्या ठिकाणी असतील तर त्यांना कर्नाटक सरकारच्या डॉ. पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेची माहिती द्या. या योजनेत तालुका रुग्णालयातला ईसीजी मोठ्या केंद्रातले तज्ज्ञ पाहतात आणि गरज असल्यास गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे महागडे इंजेक्शन तिथेच मोफत मिळते. हुबळीपर्यंत धावण्यात पहिला तास घालवू नका.

तुमचे हक्क

- ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ मध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात; एपीएल कार्डधारकांच्या ठरलेल्या दराच्या ३० टक्के रक्कम सरकार देते. तातडीचा प्रसंग सोडल्यास सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते.
- सरकारी रुग्णालयांतल्या एनसीडी (असंसर्गजन्य आजार) विभागात तिशीपुढच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब तपासतात. मेटफॉर्मिन, ॲटोर्वास्टॅटिन जनऔषधी केंद्रांत स्वस्त मिळतात. औषध कुठून घ्यायचे हे तुम्ही ठरवायचे.
- तुमच्या नोंदींच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हव्यात. अँजिओग्राफी किंवा स्टेंटचा सल्ला मिळाल्यास, तातडी नसेल तर, त्या घेऊन दुसरे मत घ्या.
- ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘ब्लॉकेज विरघळवतो’ अशा औषधांच्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहेत. पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. विकत घेण्याआधी ती ओळ वाचा.

पुढच्या भेटीला जाताना एचबीए१सी, रक्तदाब, एलडीएल, कंबर आणि लघवीतील अल्ब्युमिन हे पाच आकडे एका कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांना एकच विचारा: ‘यांतला कोणता आकडा माझ्या हृदयाला सर्वांत जास्त धोका देतो आहे, आणि त्यावर आज काय बदलायचे?’ बाटलीचे पैसे त्या उत्तरावर खर्च करा.